आधी प्रश्न, मग श्रद्धा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध, पिंडदान नाकारण्याची प्रतिज्ञाही त्यांत आहे. आज त्याच दीक्षाभूमीच्या शहरात आपली शिकलेली मुले मनगटाला गंडा बांधून मुलाखतीला जातात, नव्या गाडीला लिंबू-मिरची टांगतात. ओठांवर 'जय भीम' आणि खिशात पत्रिका, हे कसे?

दोष केवळ मुलांचा आहे काय? आपण त्यांच्याकडून प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, त्यामागचा विचार शिकविला नाही. नोकरी नसलेल्या, घरात आजारपण असलेल्या तरुणाला धीर हवा असतो. बुवा त्याला खोटा का होईना, धीर देतो. आपण त्याची टिंगल करतो. मग तो कोणाकडे जाईल?

आम्हा वकिलांचा एक साधा नियम तरुणांना सांगावा. जो दावा करतो, पुराव्याचा भार त्याच्यावर असतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम १०१ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १०४ आहे. बुवा म्हणतो, मंत्राने अग्नी पेटतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन ओतले की मंत्राशिवायही पेट घेतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग काळजी घेऊन करून दाखवितात. तासाभराच्या भाषणापेक्षा तो अधिक पटतो.

तरुण विचारील, मग आपला धम्मसुद्धा श्रद्धाच ना? हा प्रश्न टाळू नका. परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी गृहत्याग, चार आर्यसत्ये, कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खू यांविषयी चार प्रश्न उभे केले. आत्मा नाही तर पुनर्जन्म कसा, हे त्यांनी स्वतःच विचारले. तपासणीला भिणारी ती अंधश्रद्धा. तपासणीला सामोरी जाणारी ती खरी श्रद्धा. ताप कशाने येतो हे विज्ञान सांगते. शेजारच्या गरिबाच्या तापाची काळजी आपण का घ्यावी, हे शील आणि करुणा सांगते. धम्माला दोन्ही हवे आहेत.

परंतु हा नियम आपल्यालाही लागू आहे. विहारात नवस बोलणे, परित्राणाच्या धाग्याला ताईत समजणे, बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मागणे मागणे, हे दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेहून वेगळे कसे? आपण स्वतःला सूट दिली, तर मुले आपल्यावर का विश्वास ठेवतील?

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ५१क (ज) प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. कायदा भोंदूला पकडू शकतो, मनातली भीती काढू शकत नाही. ते काम विहारांचे आहे.

म्हणून प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. मुलांनी विचारावे, मोठ्यांनी ऐकावे. उत्तर ठाऊक नसेल तर 'मिळून शोधू' असे म्हणावे. ज्या विहारात प्रश्न विचारता येतो, तेथील तरुण बुवाच्या दारात रांग लावणार नाही.