जालन्यात घर बांधताय? आधी ऊन बघा

परवा अंबडला ओळखीच्यांचं बांधकाम बघायला गेलो. नकाशात दक्षिणेला एकही खिडकी नाही आणि पश्चिमेला चांगली सहा फुटी. कारण काय, तर ‘दक्षिणेकडून ऊन लागतं.’

खरंतर दक्षिणेचं ऊन आवरायला सगळ्यात सोपं.

जालना साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे जेमतेम 47 अंश वर असतो. मार्चमध्ये तोच 70 अंशांवर जातो. साधारण 20 मेपासून 24 जुलैपर्यंत तर दुपारी किंचित उत्तरेला सरकतो!

आता दक्षिणेची चार फुटी खिडकी घ्या आणि तिच्या लगेच वर दीड फुटाचा छज्जा काढा. 21 मार्चच्या दुपारी अख्खी खिडकी सावलीत. डिसेंबरात मात्र छज्ज्याची सावली वरच्या दीड फुटावरच थांबते, खालून ऊन थेट फरशीवर. थंडीत ऊब, उन्हाळ्यात सावली, तीही एका छज्ज्यात.

पश्चिमेला हा उपाय चालत नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून सरळ आत येतं. एप्रिल-मेमध्ये तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिकडे जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवा. जागा असेल तर कडुलिंब लावा. झोपायची खोली तिकडे नकोच.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या याच उन्हासाठी होत्या.

प्लॉट कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते कमेंटमध्ये लिहा. खिडक्या कुठे घ्याव्यात, छज्जा किती काढावा, जमेल तसं सांगतो.