‘लिटल चॅम्प्स’च्या पंचरत्नांचं पुढे काय झालं?

लहान मुलांना रिअ‍ॅलिटी शोच्या मंचावर उभं करावं का, यावर घरोघरी वाद होतो. त्यात मला नेहमी झी मराठीचा ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ आठवतो. 2009 च्या फेब्रुवारीत महाअंतिम फेरी झाली, तिथे पोहोचलेली पाच मुलं म्हणजे ‘पंचरत्न’, आणि त्यांतली कार्तिकी गायकवाड जिंकली. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

आपल्या मराठवाड्याचा, लातूरचा रोहित राऊत बघा. नाव झालेलं असूनही तो पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला आणि ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत गेला. ओळख असताना पुन्हा परीक्षकांसमोर जायला मोठी हिंमत लागते! आर्या आंबेकर 2017 मध्ये ‘ती सध्या काय करते’ची नायिका झाली, गाणं मात्र सोडलं नाही. मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे मैफली करत राहिले. डिसेंबर 2023 मध्ये दोघांचं लग्न झालं. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः संगीतकार, त्यामुळे तिची तालीम घरातच चालू राहिली. माझ्या मते टिकण्याचं मोठं कारण हेच, रोजचा रियाज.

2021 मध्ये ‘लिटल चॅम्प्स’चं नवं पर्व आलं, तेव्हा हे पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीत होते.