वाईट स्वप्नाला भिऊ नये



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी "मला पडलेला प्रश्न" असा विषय दिला. कोणी इंद्रधनुष्यावर लिहिले, कोणी गांडुळावर लिहिले. मी स्वप्नांवर लिहायचे ठरवले. कारण मला एक वाईट स्वप्न सारखे पडायचे. ते कशाने पडते आणि त्याची भीती कशी घालवावी, हे मी गुरुजींना विचारून विचारून वहीत उतरून घेतले. तेच इथे लिहिते.

स्वप्न कधी पडते?

आपल्याला वाटते, आपण रात्रभर एकसारखे झोपतो. पण तसे नसते. झोपेचे फेरे असतात. आधी हलकी झोप, मग गाढ झोप, आणि मग एक वेगळीच झोप. हा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो. रात्रीत असे चार-पाच फेरे होतात. त्या वेगळ्या झोपेत मिटलेल्या पापण्यांखाली आपले डोळे इकडून तिकडे भराभर हलतात. तुमच्या घरी तान्हे बाळ असेल, तर ते झोपल्यावर नीट बघा. तुम्हाला दिसेल.

ही झोप १९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या शास्त्रज्ञांनी शोधून काढली. त्यांनी या झोपेतून माणसांना उठवून विचारले, तर बहुतेकांनी स्वप्न सांगितले. पहाटेच्या फेऱ्यात ही झोप जास्त वेळ असते. म्हणून स्वप्ने पहाटे जास्त पडतात आणि लक्षातही राहतात. माझी आज्जी म्हणते, "पहाटंचं सपान खरं हुतं." पण खरे कारण हे आहे. स्वप्न खरे होत नाही.

शरीराला कुलूप

स्वप्नाच्या झोपेत आपला मेंदू हातापायाच्या स्नायूंना ढिले करून ठेवतो. जणू काही कुलूपच लावतो. नाहीतर स्वप्नात पळताना आपण अंथरुणातून उठून खरेच पळालो असतो आणि भिंतीवर आपटलो असतो. फ्रान्समधील मिशेल जुव्हे या शास्त्रज्ञांनी मांजरांवर प्रयोग केला. मेंदूतला हे कुलूप लावणारा बारीकसा भाग काम करेनासा झाला, की ती मांजरे झोपेतच उठून उभी राहत आणि शिकार केल्यासारखी झडप घालत. हा प्रयोग १९६५ साली छापून आला.

कधी कधी आपण जागे होतो, पण कुलूप उघडायला थोडा उशीर होतो. तेव्हा डोळे उघडे असतात, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही. छातीवर कोणी तरी बसले आहे असे वाटते. लोक म्हणतात भूत बसले. ते भूत नसते. अर्धे स्वप्न आणि अर्धी जाग असते. श्वास चालूच असतो. थोड्या वेळात ते आपोआप जाते. तेव्हा घाबरून धडपड करू नये. शांतपणे श्वास घ्यावा आणि पायाचे एक बोट हलवून बघावे.

वाईट स्वप्न का पडते?

मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण तुम्हाला माहीत आहेच. ताप आला, झोप कमी झाली, रात्री टीव्हीवर किंवा मोबाईलवर भीतीचे बघितले, घरात भांडण झाले, कोणी वारले, अपघात झाला, तर वाईट स्वप्ने पडतात. आणि मनात एखादी गोष्ट दडवून ठेवली, तरी पडतात. माझे तसेच झाले.

मागच्या पावसाळ्यात आमची कालवड रात्री गोठ्यातून सुटली आणि विहिरीत पडली. त्या विहिरीला कठडा नाही. सकाळी वडील गेले तेव्हा ती मेलेली होती. त्या दिवशी संध्याकाळी तिला मी बांधले होते. मला वाटले, माझीच गाठ ढिली राहिली. पण हे मी कोणाला सांगितले नाही.

नंतर मला स्वप्न पडू लागले. विहिरीतून कालवड हंबरते. मी पळते, पण पाय उचलत नाहीत. काठावर गेले, की खालून काही तरी मला ओढते. मी ओरडून उठायची. मग मी झोपायलाच भ्यायला लागले. डोळे ताणून जागी राहायची. वर्गात डुलक्या यायच्या. आज्जीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, उशाला विळा ठेवला. आज्जीने जवळ घेतले म्हंजे बरे वाटायचे, पण स्वप्न काही जाईना. आज्जीच म्हणायची, "वंगाळ सपान कुणाला सांगू नगं." म्हणून मी गप्प बसायची.

एक दिवस गणिताच्या तासाला मला झोप लागली. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मधल्या सुट्टीत विचारले, "रात्री झोपत नाहीस का गं?" मग मी सगळे सांगितले आणि लई रडले. गुरुजी म्हणाले, "आधी हे घरी सांग. मग आपण त्या स्वप्नाकडे बघू."

राक्षसाकडे वळून बघणारा माणूस

गुरुजींनी मला एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. त्यांचे नाव एर्व्ही द सँ-दनी. ते तेरा वर्षांचे असल्यापासून रोजची स्वप्ने वहीत लिहून ठेवत आणि त्यांची चित्रे काढत. १८६७ साली त्यांनी स्वप्नांवर पुस्तक छापले. त्यांनाही एक वाईट स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. भयंकर राक्षस पाठीमागे लागत आणि ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत. एका रात्री पळता पळता त्यांच्या ध्यानात आले, की अरे, हे तर स्वप्न आहे! मग ते पळायचे थांबले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि सगळ्यात पुढच्या राक्षसाकडे नीट निरखून बघितले. बघता बघता बाकीचे राक्षस नाहीसे झाले आणि तो राक्षस चिंधीसारखा झाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच.

स्वप्न चालू असताना "हे स्वप्न आहे" असे कळणे, याला जागृत स्वप्न म्हणू या. काही लोकांना हे खोटे वाटायचे. म्हणून इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ साली प्रयोग केला. झोपेत हातपाय हलत नाहीत, पण डोळे हलतात. म्हणून झोपणाऱ्या माणसाला सांगून ठेवले होते, की स्वप्नात तुला स्वप्न आहे असे कळले, की डोळे डावी-उजवीकडे फिरव. त्या माणसाने स्वप्नाच्या झोपेत असताना तशी खूण केली आणि ती यंत्रावर कागदावर उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही असेच दाखवून दिले. ते १९८१ साली छापून आले.

पुष्कळांना जागृत स्वप्नाचीच भीती वाटते. मी गुरुजींना तीन प्रश्न विचारले.

१) स्वप्नात अडकून पडले तर? अडकत नाही. झोपेचा फेरा संपला, की स्वप्न आपोआप संपते.

२) स्वप्नात मेले तर खरेच मरतो का? नाही. मी स्वप्नात किती वेळा विहिरीत पडले, तरी सकाळी शाळेत हजर होते.

३) हे भूतबाधेमुळे होते का? नाही. मेंदूचा थोडा भाग जास्त जागा असतो, एवढेच. आपल्याकडच्या मांडूक्य उपनिषदातही जागृती, स्वप्न आणि गाढ झोप अशा मनाच्या वेगवेगळ्या अवस्था सांगितल्या आहेत. म्हंजे पूर्वीचे लोकही याचा विचार करत होते.

मी काय केले?

पहिली गोष्ट, मी घरी सांगितले. जेवण झाल्यावर वडिलांना म्हणाले, "दादा, कालवड माझ्यामुळं मेली." दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून गोठ्यातून तुटलेले दावे घेऊन आले. म्हणाले, "ही बघ तुझी गाठ. अजून तशीच हाय. दावंच कुजलं हुतं. ते मी बदलाया पायजे हुतं." मी गाठीला हात लावून बघितला. ती खरेच घट्ट होती. त्या रात्री मी आईच्या कुशीत झोपले.

दुसरी गोष्ट, स्वप्नाचा शेवट बदलला. ही रीत डॉक्टर लोकही वापरतात. अमेरिकेतील बॅरी क्रेकाऊ या डॉक्टरांनी, फार वाईट प्रसंग आलेल्या बायकांना ही रीत शिकवली. त्यांची वाईट स्वप्ने कमी झाली आणि झोप सुधारली. हे २००१ साली छापून आले. रीत अशी आहे :

१) दिवसा, उजेडात, वाईट स्वप्न वहीत लिहावे किंवा त्याचे चित्र काढावे.
२) त्याचा शेवट आपल्या मनाने बदलावा. हवा तसा बदलावा.
३) नवे स्वप्न रोज थोडा वेळ डोळे मिटून मनात बघावे. जुने उगाळत बसू नये.

मी चित्र काढले. विहिरीला पायऱ्या काढल्या, काठावर दिवा लावला आणि कालवड पायऱ्या चढून वर येते असे दाखवले. रोज झोपायच्या आधी मी ते मनात बघायची.

तिसरी गोष्ट, दिवसातून चार-पाच वेळा मी स्वतःला विचारायची, "आत्ता मी जागी आहे का स्वप्नात?" फळ्यावरचे अक्षर एकदा वाचायचे, नजर फिरवायची आणि परत वाचायचे. जागेपणी अक्षर तेच राहते. स्वप्नात ते पुष्कळदा बदलते. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा, अशीही एक युक्ती आहे. जागेपणी श्वास येत नाही. स्वप्नात येतो. दिवसा सवय झाली, की स्वप्नातही तो प्रश्न आठवतो. पण एक लक्षात ठेवा. झाडावरून, माडीवरून किंवा विहिरीत उडी मारून कधीही परीक्षा घ्यायची नाही. आणि यासाठी रात्री जागायचे नाही.

सुमारे तीन आठवड्यांनी परत तेच स्वप्न पडले. पण या वेळी विहीर आमच्या शाळेच्या अंगणात होती. माझ्या मनात आले, शाळेत तर विहीर नाही! म्हंजे हे स्वप्न आहे. छाती धडधडत होती, पण मी पळाले नाही. उभी राहून बघितले. कालवड काठावर उभी होती आणि रवंथ करत माझ्याकडे बघत होती. मग मला जाग आली. बाहेर कोंबडा आरवत होता.

त्यानंतर ते स्वप्न दोनदा पडले. दोन्ही वेळा मला "हे स्वप्न आहे" असे काही कळले नाही. पण पहिल्यासारखी भीतीही वाटली नाही. सगळ्यांना जागृत स्वप्न पडेलच असे नाही. नाही पडले तरी चालते. शेवट बदलायची रीत मात्र कोणालाही करता येते.

आई-वडिलांसाठी चार ओळी

मूल झोपेतून ओरडून उठले, तर हसू नका, रागावू नका. जवळ घ्या आणि सकाळी काय दिसले ते विचारा. बागुलबुवाची भीती घालून झोपवू नका. आमच्या वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तेवढी झोपू द्या. लहान मूल रात्रीच्या सुरुवातीलाच डोळे उघडे ठेवून किंचाळते, कोणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तर ते वाईट स्वप्न नसते. ते गाढ झोपेतले घाबरणे असते. तेव्हा त्याला गदागदा हलवू नका. त्याला लागणार नाही एवढे बघत जवळ बसा. थोड्या वेळाने ते परत झोपते. आणि वाईट स्वप्ने सारखी पडत असतील, मूल दिवसाही घाबरत असेल, तर मांत्रिकाकडे न नेता प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा.

मित्रांनो, स्वप्न आपल्याच मनात तयार होते. म्हणून त्याला भिऊन पळू नये. उजेडात त्याच्याकडे बघावे आणि आपल्या माणसांना सांगावे. आमच्या गोठ्यात आता नवे दावे आहे आणि विहिरीला कठडा बांधायचे काम दादांनी काढले आहे. दगड वाहायला मी पण जाते.

 

– इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी