युद्ध दिल्लीचे, रॉकेल राज्याचे

देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्रात किती तोफा आहेत, असा प्रश्न देवळालीच्या आमदाराने विधानसभेत टाकला, तर तो सभागृहापर्यंत पोचणारच नाही. संरक्षण, युद्ध, तह हे सगळे केंद्र सूचीतले विषय. पण छावणीलगतचा रस्ता का खचला, संपादित जमिनीचा मोबदला कुठे अडला, रेशनवर रॉकेल का आले नाही, असे त्याच आमदाराने विचारले तर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. सीमेवर तोफा धडधडत असतानाही राज्याच्या विधिमंडळाचे काम बहुतेक याच वाटेने चालते: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, पुरवणी मागण्या. अर्थात, ते विचारायला सभागृह भरत असेल तर. मराठी मुलखाने सभागृह भरलेलेही पाहिले आहे आणि कुलूप लागलेलेही.

कुलपाची गोष्ट 1939 ची. त्याआधी दोन वर्षे, 1937 मध्ये, मुंबई प्रांताची विधानसभा निवडून आली होती आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. नाशिकहून डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड निवडून गेले होते. काळाराम मंदिर सत्याग्रहात पुढे असलेले तेच हे गायकवाड. सभागृहात वाद होते ते खोती, महार वतन, गिरणी कामगारांचा संप यांचे. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबईत दारूबंदी सुरू झाली आणि बुडालेला महसूल भरून काढायला बसवलेल्या मालमत्ता करावरून शहरातले घरमालक संतापले होते.

महिना उलटतो न उलटतो तोच, 3 सप्टेंबरला, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर केले. एकाही विधिमंडळाला विचारले नाही. ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या विधानसभेत त्यावर चर्चा झाली, आंबेडकरांचेही भाषण झाले. प्रांताच्या हाती नसलेल्या विषयावर झालेली ही चर्चा त्या सभागृहाच्या शेवटच्या मोठ्या चर्चांपैकी एक ठरली. युद्धात असे परस्पर ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरच्या सुरुवातीला खेर मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 93 खाली गव्हर्नर रॉजर लम्ली यांनी कारभार हाती घेतला.

पुढची सहा वर्षे आमदार आमदारच राहिले, फक्त बैठक नव्हती. प्रांताचे अंदाजपत्रक गव्हर्नरच्या सहीने मंजूर व्हायचे. 1943 मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग आले. माणशी किती धान्य, दुकान कुठे, काळाबाजार कोण करतो, हे खरे तर आमदारांचे घरचे प्रश्न. पण ते कोणी, कुणाला विचारायचे? तिकडे लंडनमध्ये 10 मे 1941 च्या रात्री बाँबहल्ल्यात हाउस ऑफ कॉमन्सचे सभागृह जळून खाक झाले, तरी सदस्य दुसऱ्या जागी बसून चर्चिलना धारेवर धरत राहिले. ज्यांनी हिंदुस्थानाला न विचारता युद्धात ओढले, त्यांनी स्वतःच्या पार्लमेंटला मात्र एवढे जपले. मुंबईचे सभागृह पुन्हा भरले ते 1946 च्या निवडणुकीनंतर.

1962 चे चित्र वेगळे. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, 26 तारखेला आणीबाणी जाहीर झाली. आणीबाणीत संसदेला राज्य सूचीतल्या विषयांवरही कायदे करता येतात, म्हणजे विधिमंडळाच्या अंगणात दिल्लीला मोकळीक. पण सभागृह शाबूत होते. अध्यक्षपदी बाळासाहेब भारदे, विरोधी पक्षनेते शेकापचे कृष्णराव धुळप. 264 पैकी 215 जागा काँग्रेसकडे, तेव्हा सरकारच्या स्थैर्याला धोका नव्हता. धक्का बसला तो मुख्यमंत्रीच दिल्लीला गेल्यामुळे. नेहरूंच्या बोलावण्यावरून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य घरोघरी गेले.

त्यांच्या जागी मारोतराव कन्नमवार आले, विदर्भातून आलेले महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. आणि नेमके त्याच वर्षी, युद्धामुळे, नागपूर कराराने ठरलेले नागपूरचे अधिवेशन झाले नाही. पुढच्या वर्षीही ते हुकले, कारण नोव्हेंबर 1963 मध्ये कन्नमवारांचे पदावर असतानाच निधन झाले. विदर्भाचा माणूस मुख्यमंत्री आणि नागपूरला अधिवेशनच नाही, हा योगायोग वैदर्भीयांना नक्कीच बोचला असेल.

चव्हाणांना आता लोकसभेची जागा हवी होती. ती दिली नाशिकने: 1963 च्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. त्यांच्याच संरक्षणमंत्रिपदाच्या काळात, 1964 मध्ये, नाशिकजवळच्या ओझरला मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहू लागला. अशा वेळी केंद्र-राज्य ही वाटणी गावात उतरते. विमान केंद्राचे, पण सातबारा तलाठ्याकडे, भूसंपादनाची नोटीस जिल्हाधिकाऱ्याची आणि मोबदल्याची तक्रार घेऊन शेतकरी येणार तो आमदाराच्या ओट्यावर.

1962 च्या त्या आणीबाणीतच 1967 ची विधानसभा निवडणूक वेळेवर झाली. 1971 च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले आणि अवघ्या तीन महिन्यांनी, मार्च 1972 मध्ये, मतदार पुन्हा रांगेत उभे होते. काँग्रेसला 270 पैकी 222 जागा मिळाल्या. विजयाचा गुलाल फार दिवस टिकला नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या सरकारसमोर दुष्काळ उभा ठाकला आणि रोजगार हमीची कामे, खडी फोडणारे मजूर, जनावरांचा चारा हे चर्चेचे विषय झाले.

मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी नागरी संरक्षणाच्या सरावासाठी केंद्राने काढलेल्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर ही तिन्ही नावे होती. सरावाचा आदेश दिल्लीचा होता. नागरी संरक्षण दल उभे करायचे आणि त्याचा नियंत्रक नेमायचा, हे मात्र 1968 च्या कायद्याने राज्य सरकारवर सोपवले आहे. तेव्हा मनमाडचा भोंगा वाजलाच नाही, तर त्याबद्दलचा तारांकित प्रश्न मुंबईत किंवा नागपुरातच लागेल.