राजाराम महाविद्यालयाचा मल्ल आणि प्राचार्यांचे गहाणखत

मराठी कादंबरीने महाविद्यालयीन जीवनाचे जे चित्र वाचकांच्या मनात रुजविले, त्यात टेनिसचे मैदान, वाङ्मयमंडळाची सभा आणि सायंकाळचा फेरफटका यांना मानाचे स्थान आहे. परंतु हे चित्र रंगविणाऱ्यांत अग्रगण्य असलेले ना. सी. फडके कोल्हापूरच्या ज्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत होते, त्याच महाविद्यालयाच्या हजेरीपटावर तांबड्या मातीत वाढलेले विद्यार्थीही होते, याची त्या चित्रात फारशी दखल घेतली गेली नाही.

हे विद्यार्थी तेथे आले ते शाहू छत्रपतींच्या धोरणामुळे. महाविद्यालयाची स्थापना 1880 ची. पण 1901 मध्ये मराठा बोर्डिंग निघाले, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान आदी समाजांची वसतिगृहे दरबारच्या आश्रयाने उभी राहिली, तेव्हा कोठे खेड्यातील कुणब्याच्या मुलाला शहरात अंग टाकण्यापुरती जागा मिळाली. त्याच राजाने पेठापेठांतील तालमींना बळ दिले आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान खुले केले. वसतिगृह आणि तालीम या दोहोंना एकाच हाताने पोसणारे संस्थान विरळाच, आणि कोल्हापूरच्या विद्यार्थिजीवनाचे सारे वैशिष्ट्य मला या एका गोष्टीत दिसते. पहाटे हौद्यातली माती खणायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवून ती मऊ राखायची, वस्तादांच्या नजरेखाली जोर-बैठका काढून लढत धरायची आणि मग अंग धुऊन व्याख्यानाला बसायचे, असा दिनक्रम पाळणारे तरुण त्या शहरात कोणाला नवलाचे वाटत नसत.

अशाच तरुणांपैकी एक म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. वडील स्वतः मल्ल. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते राजाराम महाविद्यालयात आले, तेव्हा त्यांची लहान चण पाहून क्रीडाशिक्षकांनी वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घेण्यास नकार दिला. खाशाबांनी थेट प्राचार्यांकडे दाद मागितली, परवानगी मिळविली आणि आपल्याहून धिप्पाड गड्यांना आस्मान दाखविले. 1948 मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे पायाखाली माती नव्हती, गादी होती. मातीवरच्या कुस्तीत प्रतिपक्ष चीतपट होईपर्यंत निकाल नाही. गादीवर मात्र घड्याळ आणि गुण यांचा अंमल. जन्मभर अंगी बाणलेले डाव या परक्या कायद्यात बसवून त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक पटकाविला, हे यश पुढे मिळालेल्या पदकाच्या झगमगाटात झाकोळले गेले याची मला खंत वाटते.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण न्याय्यच होते; परंतु ज्या खजिन्यातून मल्लाचा खुराक आणि प्रवास चालत असे, तो खजिना त्या दिवशी बंद झाला, आणि नव्या सरकारच्या दफ्तरात त्या खर्चाचे स्वतंत्र खाते अद्याप उघडले नव्हते. त्यामुळे 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली, तरी खर्चाची तजवीज काही होईना. स्वतः खाशाबा आणि त्यांचे आप्त वर्गणीसाठी दारोदार फिरले; गावकऱ्यांनी, दुकानदारांनी यथाशक्ति हातभार लावला; तरीही रक्कम अपुरीच राहिली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. त्या काळच्या सात हजारांचे मोल आणि अध्यापकाची मिळकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कर्जाचे ओझे निराळे सांगावयास नको. परतफेडीची हमी म्हणून खाशाबांपाशी स्वतःच्या मनगटाखेरीज काहीही नव्हते.

हेलसिंकीला बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमवून खाशाबा पुढे गेले. जपानचा इशिई आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह यांच्यापुढे मात्र त्यांना हार पत्करावी लागली, आणि 23 जुलै 1952 रोजी त्यांच्या नावे कांस्यपदक नोंदले गेले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडकरांनी 151 बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना गोळेश्वरला नेले. सत्कारांची ही धामधूम आटोपताच खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरविले, त्यात स्वतः लंगोट लावून उतरले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर गहाणातून सोडविले.