पेंग्विनला जमले, ओर्काला का नाही?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या सीमेजवळ सॅन दिएगो हे शहर आहे. तेथील 'सी वर्ल्ड' हे सागरी प्राण्यांचे उद्यान १९६४ मध्ये सुरू झाले. मत्स्यालय, प्राणिसंग्रहालय आणि जत्रा यांचे ते मिश्रण आहे. एकीकडे आकाशपाळण्यांसारखी करमणूक, तर दुसरीकडे शार्क, पेंग्विन, सीलायन आणि ओर्का. अशा ठिकाणी दिवसभर हिंडून पाय दुखतात, फोटो निघतात आणि डोक्यात फारसे काही उरत नाही, असा पुष्कळांचा अनुभव असतो. पण एक प्रश्न मनाशी धरून हिंडले तर बरेच विज्ञान हाती लागते. या प्राण्याच्या मूळ घरातले काय काय येथे आणता आले आहे, आणि काय आणता आलेले नाही?

पेंग्विनच्या दालनापासून सुरुवात करू. २०१५ च्या जुलैत आम्ही तेथे गेलो, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते आणि दालनात जवळजवळ अंधार. सोबतच्या मंडळींना वाटले, दिवे बिघडले असावेत. बिघडले काहीच नव्हते. उत्तर गोलार्धात जुलै म्हणजे उन्हाळा. अंटार्क्टिकात तेव्हा हिवाळ्याची दीर्घ रात्र असते. दालनातले दिवे सॅन दिएगोच्या नव्हे, तर अंटार्क्टिकाच्या ऋतुमानाप्रमाणे उजळतात आणि मंदावतात.

हा केवळ देखावा नव्हे. दिवस लहान-मोठा होण्यावरून पक्ष्यांच्या शरीराला ऋतू कळतो. त्यानुसार संप्रेरके कमीजास्त होतात. पिसे कधी गाळायची, जोडी कधी जमवायची, अंडे कधी घालायचे हे ठरते. एम्परर पेंग्विन तर ऐन हिवाळ्याच्या तोंडावर अंडे घालतो. त्याला सॅन दिएगोचे बारमाही ऊन दिले तर त्याचे पंचांगच चुकेल. बाकीची व्यवस्थाही अशीच काटेकोर आहे. हवा गोठणबिंदूच्या आसपास ठेवलेली, जमिनीवर यंत्राने तयार केलेला बर्फाचा चुरा आणि आत येणारी हवा गाळून घेतलेली. या गाळण्यामागचे कारण मोठे रंजक आहे. अंटार्क्टिकाच्या हवेत बुरशीचे बीजाणू फारच थोडे असतात, त्यामुळे पेंग्विनच्या फुप्फुसांना त्यांच्याशी झुंजण्याची सवय नसते. आपल्या नाकातून रोज जाणारी अ‍ॅस्परजिलस ही बुरशी पेंग्विनला मारू शकते.

या साऱ्या खटाटोपाला फळ आले. अंटार्क्टिकाबाहेर एम्पररचे पिल्लू जगात प्रथम जन्मले ते १९८० मध्ये, याच उद्यानात.

येथे मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. राणीच्या बागेत २०१६ मध्ये हंबोल्ट पेंग्विन आले, तेव्हा अनेक मुलांनी शिक्षकांना विचारले असेल की यांना बर्फ का नाही? हंबोल्ट हा पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी. त्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो, पण किनाऱ्यावर बर्फ नसतो. म्हणून त्यांच्या दालनात सुमारे १६ ते १८ अंश सेल्सियस तापमान पुरते. 'पेंग्विन म्हणजे बर्फ' हे समीकरण मोडायला ही दोन दालने शेजारी मांडून दाखवावीत.

आता ओर्काकडे वळू. याला किलर व्हेल म्हणत असले, तरी हा डॉल्फिनच्या कुळातला, त्यातला सर्वांत मोठा सस्तन प्राणी. त्याच्या पाण्याचे तापमान, क्षारता, शुद्धता हे सारे सांभाळता येते, आणि उद्यानाने ते सांभाळलेही. तरीही जमले नाही. का?

प्रेक्षागारात बसून प्रथम पाहावा तो पाठीवरचा उभा पर. प्रौढ नरात तो १.८ मीटरपर्यंत, म्हणजे पुरुषभर उंच वाढतो. त्यात हाड नसते. कोलॅजेनच्या चिवट तंतूंनीच तो उभा राहतो. बंदिवासातल्या जवळजवळ सर्व प्रौढ नरांचा हा पर एका बाजूला लवंडलेला असतो. मोकळ्या समुद्रातही असे नर आढळतात, पण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात त्यांचे प्रमाण अगदीच थोडे आहे. यामागचे एक स्पष्टीकरण नववीच्या मुलांनाही समजेल. खोल पाण्यात पोहताना पराचे वजन प्लावक बल पेलते. उथळ तलावातला ओर्का बराच वेळ पृष्ठभागाशी काढतो. मग तो पर हवेत असतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत राहते. वाढीच्या वयात वर्षानुवर्षे हे चालले, की तंतू हार खातात.

म्हणजे प्रश्न खोलीचा आणि अंतराचा आहे. समुद्रातला ओर्का १०० मीटरहून खोल बुडी मारतो आणि एका दिवसात १०० किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकतो. २०१४ मध्ये 'सी वर्ल्ड'ने सॅन दिएगोत मोठा तलाव बांधण्याची योजना जाहीर केली होती. त्यात सुमारे ३ कोटी ८० लाख लिटर पाणी मावणार होते. आकडा छाती दडपणारा आहे, पण त्याची सर्वाधिक खोली ठरली होती १५ मीटर. पूर्ण वाढलेली मादी सहा-सात मीटर लांब असते. ती सरळ खाली तोंड करून उभी राहिली, तर या स्वप्नातल्या तलावाची निम्मी खोली तिच्या अंगानेच भरली असती! तलावाची लांबी १०० मीटर धरली, तर १०० किलोमीटरसाठी एक हजार फेऱ्या होतात. असा हिशेब मुलांना जरूर करू द्यावा. (तो तलाव पुढे झालाच नाही.)

तरी अंतर हा अर्धाच भाग झाला. एम्परर पेंग्विनही समुद्रात ५०० मीटरहून खोल जातो. तेवढी खोली त्यालाही दालनात मिळत नाही, आणि तरी तो पिल्ले वाढवतो. ओर्काच्या बाबतीत आणखी काही हरवते, ते म्हणजे त्याचे घरचे माणूस, असे म्हटले तर शास्त्रीय भाषेत बसणार नाही, पण चूकही होणार नाही. कॅनडाचे मायकेल बिग यांनी १९७० च्या दशकात पराच्या कडेवरच्या खाचा आणि पाठीवरचा करडा पट्टा यांच्या फोटोंवरून एकेक ओर्का ओळखायला सुरुवात केली. त्यातून कळले, की तेथील मासे खाणाऱ्या ओर्कांमध्ये मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईच्या कळपात राहतात. जॉन फोर्ड यांनी पाण्याखालचे आवाज ध्वनिमुद्रित केले, तेव्हा प्रत्येक कळपाची वेगळी बोली असल्याचे दिसले. ती जन्मजात नसते. पिल्लू ती घरात शिकते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली, तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याचा धोका सुमारे चौदा पट वाढतो. तिशीतला, काही टन वजनाचा नर, आणि तरी आईविना पोरका!

तलावांत मात्र आइसलँडचे आणि पॅसिफिकचे ओर्का एकत्र ठेवले गेले. पिल्लाला आईपासून दूर दुसऱ्या उद्यानात नेल्याचेही प्रकार घडले. थंडी, उजेड, क्षार या गोष्टी मोजता येतात आणि यंत्राने राखता येतात. आजी, मावश्या आणि बोली यांचे यंत्र नाही.

याचे परिणाम जगापुढे आले ते टिलिकम नावाच्या नरामुळे. आइसलँडजवळ १९८३ मध्ये तो सुमारे दोन वर्षांचा असताना पकडला गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये फ्लोरिडातल्या ओरलँडो येथील 'सी वर्ल्ड'मध्ये त्याने आपल्या अनुभवी प्रशिक्षिकेला पाण्यात ओढले आणि ती मृत्यू पावली. त्याच्याशी संबंधित हा तिसरा मानवी मृत्यू होता. मोकळ्या समुद्रात ओर्काने माणसाला मारल्याची एकही नोंद नाही, हे लक्षात घेतले की प्रश्नाचे गांभीर्य कळते. २०१३ मध्ये 'ब्लॅकफिश' हा माहितीपट आला आणि लोकमत फिरले. मार्च २०१६ मध्ये 'सी वर्ल्ड'ने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचे जाहीर केले. कसरतींचे खेळही बंद करायचे ठरले. सॅन दिएगोतला खेळ जानेवारी २०१७ मध्ये थांबला.

या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. १९६१ मध्ये कॅनडाच्या सरकारने ओर्कांना मारण्यासाठी ब्रिटिश कोलंबियात एका खाडीकाठी मशीनगन बसवली होती! ती चालवली गेली नाही, पण लोकांना ओर्का म्हणजे काय वाटे ते यावरून कळते. नंतरच्या काही वर्षांत ओर्का मत्स्यालयांत आले, माणसांनी त्यांना जवळून पाहिले आणि भीतीची जागा कौतुकाने घेतली. ओर्काचा गर्भारपणाचा काळ सुमारे सतरा महिन्यांचा असतो हेही तलावातल्या माद्यांमुळेच नेमके कळले. परंतु याच मागणीपायी किनाऱ्यावरून पिल्ले पकडून नेली जात होती. समुद्रात ओर्का हजारोंनी आहेत अशी समजूत होती. बिग यांच्या गणनेत ब्रिटिश कोलंबियात ते तीनशे-साडेतीनशेच्या आसपासच भरले.

तलावाचा उपयोग इस्पितळासारखाही होऊ शकतो. जानेवारी १९९७ मध्ये लॉस एंजेलिसजवळ करड्या देवमाशाचे आईपासून दुरावलेले, मरणासन्न पिल्लू सापडले. सॅन दिएगोला आणले तेव्हा त्याचे वजन पाऊण टनाच्या आसपास होते. चौदा महिन्यांत ते आठ टनांच्या पुढे गेले, आणि ३१ मार्च १९९८ रोजी त्याला पॅसिफिकमध्ये सोडले. आणखी काही महिने ठेवायचे म्हटले असते, तरी ठेवायला जागा नव्हती.

भारतात डॉल्फिनचे खेळ मांडण्याचे बेत अनेकदा झाले. १९९८ मध्ये चेन्नईजवळ आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. मे २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने असे डॉल्फिनगृह उभारायला परवानगी देऊ नये, असे राज्यांना कळवले. आपल्या कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत कुबड असलेले डॉल्फिन राहतात. मालवणच्या समुद्रात त्यांची पाठ दोन-तीन सेकंद दिसते, तेवढ्या वेळात पराच्या कडेचा फोटो मिळाला, तर बिग यांच्याच पद्धतीने एकेक प्राणी ओळखता येतो. त्यासाठी होडीचे इंजिन बंद करून थांबावे लागते. पाठलाग केला तर डॉल्फिन बुडी मारतो आणि फोटोत नुसते पाणी येते.