जर्मनीत वीजकंपनीने नकार दिला तर

जर्मनीत नव्याने गेलेल्यांना, त्यात पुण्या-मुंबईचे इंजिनिअर आणि विद्यार्थीही आले, स्वस्त वीजकंपनीकडून कधीकधी नकार येतो. कारण 'बोनिटेट' (पैसे फेडण्याची पत) अपुरी. मग घरात वीजच मिळणार नाही, अशी धास्ती बसते. ती निराधार आहे.

कंपनी 'शूफा'सारख्या पतनोंदणी संस्थेकडे चौकशी करते, कारण वीज आधी वापरली जाते आणि पक्का हिशेब मागाहून होतो. नव्या गावातला वाणी अनोळखी माणसाला उधारी देत नाही, तसंच हे. तुम्ही बुडवे ठरलेले नसता. वहीत तुमचं पानच नसतं.

शिवाय नकार त्या एका कराराला असतो. प्रत्येक भागात एक 'ग्रुंडफेरझॉर्गर' (मूलभूत पुरवठादार, म्हणजे तिथे सर्वाधिक घरगुती ग्राहक असलेली कंपनी) असतो. ऊर्जा कायद्याच्या ३६व्या कलमामुळे मोजके अपवाद सोडता त्याला घरगुती ग्राहक नाकारता येत नाही. नव्या घरात वीज वापरू लागलात की त्याच्याशी करार आपोआप होतो. दर बहुधा चढे असतात, काही वेळा आगाऊ रक्कमही मागतात. पण २ आठवड्यांच्या नोटिशीने बाहेर पडता येतं. ताबा घेतानाच मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. शूफाकडची आपली नोंद मोफत मागवता येते, आणि तीत चूक असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे.